अटुंगच्या तळ्याची मोजणी

खालची छावणी, ११ जानेवारी

वालांग,

पाकीट फाडून फेकणार असशील तर जरा थांब. आत शिव्या नाहीत, बातमी आहे. तुझा फोन बंद असतो, आणि चुकून लागलाच तर बहिणीचा आवाज ऐकून तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र दुआलाच्या बसच्या पार्सल खिडकीवर देते आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बंदरातल्या गोदामावरचा तो उंच वालांग ना? तो तोंड उघडत नाही, पण सही करून नेतो." म्हणजे नेशील. वाचायचं की नाही ते तुझं तू बघ.

तर बातमी. यंत्र आलं.

आमच्या संस्थेने ज्याच्यासाठी दोन वर्षं अर्ज केले, ते परवा राजधानीतून, याउंदेहून, पेटीत बसून आलं. त्या रात्री मी पेटी उशाशी घेऊनच झोपले. आई म्हणाली, "लग्न कर म्हटलं की नाक मुरडतेस आणि लोखंडाच्या नळीला कुशीत घेतेस." लोखंडाची नाही ती, पण आईशी कोण वाद घालणार.

माझ्या मनगटाएवढी नळी आहे, वालांग. तिच्या टोकाला नाण्याएवढी चकती, चकतीत एक रंग भरलेला. आतून तिच्यावर निळा उजेड पडतो आणि चकती हिरवी चमकून उत्तर देते. पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड चकतीवरच्या पातळ पडद्यातून आत शिरतो, आणि तो शिरला की ती चमक बदलते. किती बदलली यावरून पाण्यात किती वायू आहे ते तारेतून वर तराफ्यावर कळतं. आणि हे सगळं तळाशी, जिथल्या तिथे. आजवर आम्ही दुसऱ्या तळ्यांवर काय करत होतो? गळक्या बाटलीतून तळाचं पाणी वर खेचत होतो, आणि वर येईपर्यंत निम्मा वायू वाटेतच पळालेला असायचा. बियर उघडून ठेवायची आणि दुपारी विचारायचं, सकाळी फेस किती होता? त्यातला प्रकार. आता पहिल्यांदाच तळ्याच्या पोटात हात घालून बघता येणार आहे. गेले दोन दिवस मला धड जेवण जात नाही, इतकी मी हरखून गेले आहे.

आणि हे तुला का लिहिते आहे तेही सांगते, उगाच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तू खोटा ठरावास म्हणून.

न्योसच्या तळ्याने त्या एका रात्रीत पोटातला वायू ओकून माणसं गुदमरवून मारली, आणि सरकारने घाबरून आपलं अटुंग गावही रिकामं केलं. आपलं तळंही तसंच, जुन्या ज्वालामुखीच्या तोंडातलं, म्हणून. मी पाच वर्षांची होते. आज पंचवीस वर्षं झाली, छावणीतली पोरं छावणीतच म्हातारी व्हायला लागली. सात वर्षांपूर्वी मामा चाळीस घरं घेऊन परत वर गेले, छपरं घातली, चुली पेटवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत डी.ओ. साहेबांकडे जाऊन कोणी सांगितलं? बंदूकवाले जेंडार्म पोलीस आले आणि त्यांनी आपल्याच लोकांसमोर छपरं उतरवली. तू म्हणालास, तळं भरलंय, सगळे मराल. पुरावा काय, तर लहानपणी तळ्याखालच्या खोलगटात तुला मरून पडलेल्या दिसलेल्या सहा शेळ्या. मामांनी त्याच संध्याकाळी सांगितलं की या अंगणात तुझं नाव कोणी घ्यायचं नाही. जिथे मामाची गादी भाच्याला मिळते तिथे याचा अर्थ काय, ते तुला मी काय सांगणार. तेव्हापासून त्या गादीला वारस नाही.

आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीच मोजणार आहे. डी.ओ. साहेबांनी शब्द दिलाय: आकडा कमी आला तर मार्चच्या पेरणीआधी अटुंगला परत जायची परवानगी, लेखी. आणि मामांनी आजवर परक्याचा दोर त्या पाण्यात पडू दिला नव्हता. ते काल म्हणाले, "तू सोडणार असशील तर सोड. पण रीतीने."

बघशील तू.

फुंकुइन


खालची छावणी, १९ जानेवारी

वालांग,

नऊ.

आधी नऊ म्हणजे काय ते सांगते आणि मग नाचते. तळाचं पाणी जास्तीत जास्त जेवढा वायू धरू शकतं त्याला शंभर म्हण. शंभर झालं की तळं उतू जाणार, न्योससारखं. आम्हाला भीती होती साठाची, सत्तराची. आणि अगदी तळाशी, जिथे उजेडही पोचत नाही तिथे, यंत्राने सांगितलं नऊ. मी तीनदा वाचलं. मादाम एवुना माझ्या वरिष्ठ. त्या दक्षिणेकडच्या, जंगलातल्या, पाण्याला इतक्या भितात की तराफ्यावर त्या बसत नाहीत, चिकटतात. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती?" मी म्हटलं, नऊ. त्या म्हणाल्या, "पुन्हा सांग, आणि सांगताना हलू नकोस."

आता सगळं सुरुवातीपासून. मामांना मोटारसायकलच्या मागे बसवून वर नेलं. म्हातारा ऐंशीला टेकला तरी वळणावर चालवणाऱ्याला म्हणतो, "हळू कशाला, मला काय लग्नाला उशीर करायचाय?" काठावर पोचल्यावर मात्र चेहरा बदलला. तळ्यात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पामचं तेल आणि लाल लाकडाची पूड लावायची, नाहीतर तळं तिला परकी समजतं. तराफ्याला लावलं, दोराला लावलं, माझ्या कपाळाला लावलं. मादामच्या कपाळालाही, त्या नको म्हणेपर्यंत लागून गेलं होतं. मग मामांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पोरगी आण." यंत्राला ते पोरगी म्हणतात. मी दिली. नव्या बाळाला चोळतात तसं त्यांनी ती नळी दोन्ही तळव्यांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळली, तोंडाने तळ्याशी काहीतरी बोलत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी माझ्या कामाला अंगाखांद्यावर घेतलं, असं वाटलं. त्यांची पाठ वळल्यावर मी कंबरेच्या कापडाच्या टोकाने ती पुसून घेतली.

बारीकसारीक गोष्टी असतातच. आकडा तळाशी जरा रेंगाळत होता, आम्ही ओढायला सुरुवात केली तेव्हाही किंचित वर सरकत होता. पण वारा उठला होता आणि मादामचा चेहरा हिरवा पडला होता. नवं यंत्र आहे, आम्हाला त्याची सवय नाही आणि त्याला आमची नाही. तुला त्यात काय रस.

छावणीत बातमी आमच्याआधी पोचली. आईने दोन कोंबड्या कापल्या. ज्या आईने तुझ्या पदवीच्या दिवशी एकच कापली होती, तिने. निखाऱ्यावर भाजून, तेलात घोळवून अशी खाटी-खाटी केली की शेजारचे लोक काही ना काही मागायला यायला लागले. मक्याच्या पिठाच्या फुफूचे गोळे करता करता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "आपल्या घरामागे पेरूचं झाड होतं. त्याला कोणी तोडलं नसेल ना?" पंचवीस वर्षांत तिने त्या झाडाचं नाव काढलं नव्हतं. वालांग, मी काम करते ते कशासाठी, ते मला त्या क्षणी कळलं.

लोक छपरांसाठी पत्रे विकत घ्यायला लागलेत. बाजारात पत्र्यांचा भाव चढला आणि दुकानदार मला फुकट सरबत पाजतो.

तू चुकलास. हे लिहिताना मला जेवढा आनंद होईल असं वाटलं होतं तेवढा होत नाहीये, त्यामुळे एकदाच लिहून टाकते. चुकलास, आणि ये. परत गेल्यावर पहिली चूल पेटते तेव्हा मामांच्या उजव्या हाताला भाचा उभा लागतो. मामा तुझं नाव घेत नाहीत. पण काल मला विचारत होते, "तो पार्सलवाला सही घेतो म्हणतेस, ती सही नीट असते का? की थरथरते?"

मी सांगितलं, नीट असते.

फुंकुइन


खालची छावणी, २७ जानेवारी

वालांग,

यायची तयारी केली असशील तर जरा थांब. रस्ता खराब आहे.

आई बरी आहे. मामांचा खोकला तसाच. पत्र्यांचे ढीग घराघरापुढे आहेत. मुलं त्यांवर काठ्यांनी ताल धरतात आणि कोणी ओरडत नाही.

यंत्रावर अजून थोडं काम आहे, त्यामुळे गडबडीत आहे. सविस्तर नंतर लिहीन. डी.ओ. साहेबांकडे अजून कागद पाठवलेला नाही.

फुंकुइन


खालची छावणी, २ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात रस्ता खराब आहे असं लिहिलं. कोरडा हंगाम चालू आहे, धुळीशिवाय रस्त्यावर काही नाही, तूही हसला असशील. खरं लिहायचं धैर्य नव्हतं. आज आहे. आज तर इतकं आहे की हात थांबत नाही, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

पंचवीस तारखेची सकाळ. तुला आपल्याकडची जानेवारीतली सकाळ माहीत आहे, बोटं चुलीत घालावीशी वाटतात. आई भाजीला बसली होती. तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडेना, तेल थिजून पिवळा गोळा झालेलं. आईने रोजच्यासारखी ती चुलीच्या कडेला टेकवली आणि मला म्हणाली, "बघत राहा, वितळलं की दे." मी बघत राहिले. आणि दादा, मला मामांचे तेलकट तळवे आठवले.

भाजी तशीच टाकून मी पेटीकडे धावले. यंत्र काढून चकतीवर नख फिरवलं. नखाखाली पिवळट, लालसर मेण आलं. मामांनी चोळलेलं तेल. मी ते पुसलं होतं म्हणजे काय केलं होतं, तर चकतीभर सारखं पसरलं होतं. काठावर उन्हात ते पातळ होतं, खाली थंड पाण्यात गेल्यावर थिजलं आणि चकतीवर झाकण बसलं. वायू त्यातून आत शिरत होता, पण गोगलगायीच्या चालीने. म्हणून तर आकडा सरकत होता. नऊ हे उत्तर नव्हतंच, ते उत्तराच्या वाटेवरचं कुठलंतरी गाव होतं, आणि आम्ही तिथेच उतरून कोंबड्या कापल्या.

आणि हे फक्त माझ्याच हातून होऊ शकत होतं. माझ्या जागी मादाम असत्या तर त्यांनी सरळ सांगितलं असतं की म्हाताऱ्या, हात लावू नकोस. परका कोणीही सांगितलं असतं. पण मी भाची. मामा पंचवीस वर्षांनी माझ्यापुढे हात करतात आणि मी म्हणू की तुमचे हात तेलकट आहेत?

मादामना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी फ्रेंचमध्ये काय पुटपुटले होते माहीत आहे? 'हिला कळत असेल.' तुझ्याबरोबर मीही गाढव." आणि मग एकदम, "सुटी चकती आहे ना? मग रडतेस काय, चल." पण मामांच्या परवानगीशिवाय दुसऱ्यांदा दोर सोडता येत नाही. म्हणजे मामांना सांगणं आलं. तुमच्या रीतीने तळ्याचं मोजमाप चुकवलं, आता पुन्हा मोजू, आणि बहुतेक तुमचं घर जाईल. दोन दिवस मी त्यांच्या अंगणाच्या कडेने चोरासारखी फिरले. त्यातल्याच एका दिवशी तुला ते पत्र लिहिलं.

शेवटी गेले. ते कोलाचं बी चघळत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "तेल थिजलं?"

"हो."

"मग पुसलं का नाहीस?"

"पुसलं, मामा. म्हणूनच पसरलं."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खोकून झाल्यावर पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "पोरगीचा डोळा कुठे आहे?"

मी यंत्र आणून चकती दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली. "हा डोळा. आणि तू मला सांगितलं नाहीस. बाळाला चोळताना आपण डोळे सोडून चोळतो, फुंकुइन. कोणती आजी डोळ्यांवर तेल थापते? तू सांगितलं असतंस तर मी डोळा सोडून चोळलं असतं. पण तुला वाटलं, म्हाताऱ्याला काय कळणार, त्याला चोळू दे आणि मागून पुसून टाकू."

मी मान खाली घातली. तोंडात मारल्यासारखं झालं, आणि ते बरोबरच होतं.

मी म्हटलं, "मामा, खरा आकडा वाईट असेल. आपल्याला जाता येणार नाही."

"चांगलं बोलणारी माणसं माझ्या अंगणात पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "त्यांना पेज पाजली की पुरतं. एवढी महागाची पोरगी आणलीस ती त्यासाठी?"

तर परवा पुन्हा वर गेलो. मामांनी तेल लावलं, नळीच्या अंगाला, आणि डोळ्याभोवती बोटभर जागा सोडली. स्वतः कापड मागून घेतलं आणि बोटं पुसली. मग सोडलं.

दादा, आता काय सांगू तुला. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि ते भयंकर आहे. वरच्या पाण्यात काहीच नाही, दोन, दोन, तीन. खाली सोडत गेलो तरी तेच. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. आणि मग एका खोलीवर, पायरी चुकावी तसा, आकडा एकदम उडाला. अठरा. दोर हातभर सोडला, सत्तावीस. अजून हातभर, छत्तीस. तळं सपाट नाही, दादा. त्यात मजले आहेत. वरचं पाणी हलकं, खालचं जड, आणि मधे जणू जमीन घातलेली, जिच्याखाली वायू कोंडून बसलाय. कोणीही हे आजवर पाहिलं नव्हतं, आमच्या गळक्या बाटल्यांना ते कधी कळलंच नसतं. मी ओरडून आकडे सांगत होते आणि मादाम लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्या उभ्या राहिल्या. तराफ्यावर, उभ्या. मी म्हटलं, मादाम, बसा. त्या म्हणाल्या, "गप्प बस आणि दोर सोड."

तळाशी थांबलो. या वेळी घाई केली नाही. आकडा चढला, चढला, आणि थांबला. आम्ही थांबून राहिलो, तो तिथेच राहिला. एकसष्ट.

मादामनी आकडा लिहून घेतला. काठावर मामा काठीवर रेलून उभे होते. त्यांनी हात उंचावून विचारलं, काय? मी दोन्ही हातांनी, पोतं गच्च भरून तोंड बांधता येत नाही तेव्हा करतो तशी खूण केली. त्यांना कळलं. ते हळूच खाली बसले.

तू बरोबर होतास. मला रडू यायला हवं होतं आणि रात्री आलंही, आईच्या पेरूच्या झाडासाठी. पण तराफ्यावर मात्र माझं काळीज आनंदाने उड्या मारत होतं, याची मला लाज वाटते आणि वाटतही नाही. मला तळं दिसलं. आणि तू नवव्या वर्षी ज्या शेळ्या पाहिल्यास त्यांचं कारण मला दिसलं: हाच जड वायू, खोलगटात साचलेला.

अजून लोकांना सांगितलेलं नाही. मामा म्हणाले, ते मी सांगीन.

फुंकुइन


खालची छावणी, ६ फेब्रुवारी

दादा,

काल सांगितलं. कालचा दिवस कुदळीला हात न लावायचा, म्हणून सगळे छावणीतच होते. मामांच्या अंगणात कोणीतरी ढोल आणला होता, लोकांना वाटलं जायची तारीख जाहीर होणार. मामांनी ढोल बाजूला ठेवायला लावला.

ते फार बोलले नाहीत. म्हणाले, तळं पोटातून भरलेलं आहे, पहिल्या वेळी आम्हाला ते दिसलं नाही कारण मी त्याच्यावर तेल लावलं, आणि मला नको म्हणायचं धाडस माझ्या भाचीला झालं नाही. दोघांचीही चूक. या वर्षी कोणी जाणार नाही.

शेजारच्या तात्सांगचा धाकटा भाऊ उसळला. त्याने पत्र्यासाठी गाय विकली होती. ओरडला, "गेल्या वेळी त्या वालांगने आम्हाला खाली ओढलं, आता तुम्ही ओढताय?"

सात वर्षांत त्या अंगणात तुझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, तेही शिवी म्हणून. सगळे मामांकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "वालांगने ओढलं नसतं तर तू आज कोणावर ओरडला असतास? खोलगटातल्या शेळ्यांवर? त्याच्याकडे यंत्र नव्हतं, तरी त्याने सांगितलं. माझ्याकडे तो होता, तरी मी ऐकलं नाही. बस, तुझी गाय मी बघतो."

तो बसला. आई माझ्या शेजारी होती, तिने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. घरी आल्यावर ती पत्र्यांच्या ढिगापाशी गेली, वरची धूळ पुसली आणि म्हणाली, "पत्रा काही सडत नाही."

आता पुढचं ऐक, कारण हे वाईट बातमीचं पत्र नाही. न्योसला जी नळी टाकली तशी आपल्या तळ्यातही टाकता येते. तळापर्यंत लांब नळी. एकदा खालचं पाणी वर ओढून दिलं की वायूच्या जोरावर ते आपणच चढत राहतं, कारंजं होऊन उडतं आणि वायू थोडा थोडा हवेत विरून जातो. मजले नक्की कुठे आहेत हे माहीत नसतं तर नळीचं तोंड कुठे ठेवायचं तेच कळलं नसतं. आता कळलं. मादामनी परवाच अहवाल पाठवला. त्यांनी मला विचारलं की शेवटी कोणाची नावं घालू, तर मी मामांचंही घालायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याचा हुद्दा काय लिहू?" मी म्हटलं, लिहा, डोळा सोडून चोळणारे. त्यांनी तसं लिहिलं नाही, पण हसल्या. डी.ओ. साहेबांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं नाही, त्यांनी विचारलं, नळीला किती वर्षं लागतील? मादाम म्हणाल्या, टाकायला दोन-तीन, तळं रिकामं व्हायला आणखी काही. म्हणजे जाणार आपण, दादा. आपण जाणार आहोत. पंचवीस वर्षं "बघू" ऐकल्यावर कोणीतरी वर्षं मोजून सांगितली, याचा अर्थ तुला कळतो ना?

मामांनीही ती वर्षं मोजली. मी त्यांना मोजताना पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी नाही."

मी काहीतरी म्हणायला गेले, त्यांनी हाताने थांबवलं. "माझ्याशी खोटं बोलायला यंत्रसुद्धा शिकलं नाही, तू कशाला शिकतेस?" आणि लगेच म्हणाले, "तुझ्या भावाला लिही."

"काय लिहू?"

"ये म्हणून लिही."

"एवढंच?"

त्यांनी तोंडातला कोला थुंकला. "तळ्याशी बोलायचे शब्द आहेत. माझ्या मामाने ते माझ्या कानात दिले, त्याच्या मामाने त्याच्या. लोक परत वर जातील त्या दिवशी काठावर उभं राहून ते कोणीतरी म्हणायला हवेत, नाहीतर आपण तिथे पाहुणे. माझ्याशिवाय ते आज कोणाकडे नाहीत."

मी म्हटलं, "मला सांगा, मामा, मी लिहून पाठवते."

"तुला ऐकायची मुभा नाही," ते म्हणाले, रागावून नव्हे. "आणि कागदाला तर कधीच नव्हती."

म्हणून आज पहाटेपासून हे लिहिते आहे आणि मुद्द्यावर यायला एवढं लांबण लावलं. मी तळ्याचा तळ मोजला, दादा, पण हे एक मला आणता येणार नाही. मामा दाराशी बसलेत. रात्रीपासून त्यांना धाप लागते, तरी आत येऊन पडायला तयार नाहीत. म्हणतात, रस्ता दिसतो ती जागा बरी.

फुंकुइन